वाऱ्यावर सोडताना

एकतीस वर्षं मी सार्डिनची मुंडकी छाटली
दुआर्नेनेच्या कारखान्यात, ओल्या फरशीवर उभी राहून.
निवृत्तीच्या पैशात ही सव्वीस फुटांची होडी आली.
आता तिला एक हात हवा आहे,
मी झोपेन तेव्हा सुकाणूचा दांडा धरणारा,
पगार न मागणारा, आणि मुख्य म्हणजे
सल्ले न देणारा.

(रिवाल होता तोवर दांडा त्याच्याच मुठीत.
वीस वर्षं मी त्याला पाव-लोणी हातात दिलं.
तो आता ब्रेस्टला असतो,
दुसऱ्या कुणाला तरी दिशा दाखवत.)

शेजारच्या धक्क्यावरच्या पोराकडे विजेचं यंत्र आहे.
रात्रभर घुंई घुंई करतं
आणि घरजावयासारखं बसल्या जागी बॅटरी पितं.
पावसात मुकं होतं.
नको.

सुकाणूलाच शेपटीसारखी फळी जोडता येते,
स्वस्तात, घरच्या घरी.
तीन चित्रं काढली मी, विजेच्या बिलांच्या पाठीवर.
मग ध्यानात आलं, माझं सुकाणू होडीच्या पोटाखाली,
तिथे शेपटी लावायची कुठे?

स्वतंत्र दुसऱ्या सुकाणूवालं एक पाहिलं. चाळीस किलो.
मागे टांगलं असतं
तर होडीची नाळ आभाळाकडे बघत बसली असती.

राहिलं ते गुल्वेनच्या शेडमधलं,
डांबराच्या, उंदरांच्या, कुजक्या शिडांच्या वासात पडलेलं.
दीड हजार युरो, आणि वर एक गिअर घासलेला.
"पातं इतकंसं," मी म्हटलं, "ह्याच्यात कसला आलाय जोर?"
तो काही बोलला नाही. मला डिंगीत बसवलं,
इंजिन सुरू केलं, हातात एक वल्हं दिलं.
"उभं धर पाण्यात. सरळ. आता जरासं वळव,
कॉफीत बिस्किट बुडवताना मनगट वळतं, तेवढंच."

खांदा निखळता निखळता राहिला.
धक्क्यावरचे सगळे हसले.
"वारा फक्त सुचवतो, स्वाझिग," तो म्हणाला,
"ओढतं ते पाणी."

बाराशेला घेतलं.
पातं मात्र मी नवं कापलं, पातळ प्लायवूडचं,
मंद वाऱ्याचं पुटपुटणंही त्याला ऐकू यावं म्हणून.
लाल रंगवलं. चार बोल्ट. दोन कप्प्या.
दोन दोर दांड्याला.
यंत्राला नाव ठेवायची इथे पद्धत आहे.
मी ठेवलं नाही, अजून ओळख कुठे झाली होती?

वाऱ्यावर सोडलं म्हणजे टाकून दिलं,
असंच समजत आले होते मी.
जूनमध्ये, बिस्केच्या उपसागरात, जमीन दिसेनाशी झाल्यावर
मी माझी होडी वाऱ्यावर सोडली,
दांड्यावरचा हात उचलून मांडीवर ठेवला.
काय करावं ते न कळून
तो बराच वेळ तिथे चुळबुळत राहिला.

दांडा आपला आपण हलायचा,
झोपेत कूस बदलावी इतपत.
लाल पातं डुलायचं, खाली वल्हं झुकायचं,
आणि लाटेआधीच होडीला लाट कळायची.
रिवालला कधी कळली नव्हती.

वीस मिनिटांनी वाजणारं स्वयंपाकघरातलं घड्याळ उशाशी.
तिसऱ्यांदा वाजलं ते मी ऐकलंच नाही.
जाग आली तेव्हा चंद्र भलत्याच खिडकीत.
होकायंत्र पाहिलं:
स्पेन डावीकडे राहिला होता
आणि आम्ही अमेरिकेला निघालो होतो,
इमानेइतबारे.

तिची काही चूक नव्हती. वारा फिरला, ती फिरली.
वाऱ्याशी जो कोन ठरला होता तो तिने पाळला.
स्पेनचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं.
ते माझं काम.

दोरी ओढून दातेरी चक्र तीन खटके फिरवायचं, बस.
पण आधी कॉफी ठेवली.
कप रिकामा होईतो तशीच जाऊ दिली तिला,
चुकीच्या दिशेला.
सुरेख चालली होती.